ओला बाक

बाक ओतून चार दिवस झाले तरी त्यात बोट जात होतं. नुसतं जात नव्हतं, चांगलं पेरापर्यंत जात होतं, आणि बाहेर काढताना 'चप्' असा आवाज येत होता. क्यूबकाकांनी सकाळपासून सात वेळा बोट घालून पाहिलं. सातही वेळा तोच आवाज आला.

"अहो भाऊजी, त्याला ताप नाही आलेला. किती वेळा हात लावून बघाल?" मेहुणा म्हणाला. मेहुणा गवंडी होता आणि गेले चार दिवस त्याच्या चेहऱ्यावर 'मी सांगितलं होतं' हे वाक्य ठळक अक्षरांत दिसत होतं. बिचारा तोंडानं म्हणत नव्हता, एवढंच.

क्यूबकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. काकांनी छत्तीस वर्षं काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. बांधकामावरून काँक्रीटचे चौकोनी ठोकळे यायचे, त्यांना क्यूब म्हणायचं. काका ते अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे, मग मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि कितव्या आकड्याला फुटला ते लिहून ठेवायचे. झालं काम. काकू हसायच्या. "बाकीच्यांच्या ऑफिसात काही मोडलं तर पगार कापतात. तुमच्याकडे मोडलं की पगार देतात!" काकांना तेव्हा राग यायचा. आता काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेच वाक्य आठवून त्यांना वाटायचं, खरंच की. आयुष्यभर दुसऱ्यांचं काँक्रीट फोडलं. स्वतः एक पायरीसुद्धा बांधली नाही.

म्हणून हा बाक. गल्लीच्या तोंडाशी, चढावर, बसथांबा होता. काकूंचे गुडघे दुखायचे, तरी भाजीला जाताना त्या तिथे खांबाला टेकून उभ्या राहायच्या. "इथे कुणीतरी एखादा दगड तरी टाकावा हो," असं दर आठवड्याला म्हणायच्या. काका दर आठवड्याला 'हूं' म्हणायचे. त्या गेल्यावर काकांनी नगरपालिकेत चार खेटे घातले आणि बाकाची परवानगी मिळवली. अट एकच होती. दहा दिवसांत बाक पक्का झाला पाहिजे, नाहीतर उचलून टाकणार.

आता काका बाक करणार म्हणजे राखेचा करणार, हे ओघानं आलंच. तांदळाच्या गिरणीत भाताचं तूस जाळतात. त्याची राख नीट जळलेली असली आणि बारीक दळली, तर पाचवा हिस्सा सिमेंटऐवजी ती घालता येते, हा काकांचा ध्यास होता. प्रयोगशाळेतले साहेब हसले, तरी काकांनी सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर गिरणीतून पोती आणून त्यांनी घरातल्या कोठीत प्रयोग मांडले. काकूंनी जुना मिक्सर दिला. एवढंच नव्हे, तर राख चाळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. रोज दुपारी काका जरा आडवे झाले की काकू पिठाची चाळणी घेऊन कोठीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि अर्ध्या तासानं प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर यायच्या. काकांना भरून यायचं. साहेबांना जे कळलं नाही ते बायकोला कळलं, असं ते चारचौघांत सांगायचे. त्या गेल्या तेव्हा कोठीच्या फळीवर सात डबे ओळीनं उभे होते आणि प्रत्येकावर त्यांच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी होती : 'राख. चाळलेली.'

"भाऊजी, राखेनं भांडी घासतात," मेहुण्यानं समजावून पाहिलं होतं. "ताईच्या नावाचा बाक आहे. निव्वळ सिमेंट घालू या ना."

"तुझ्या ताईनं चाळलेली राख आहे ती," काका म्हणाले. मेहुण्यानं फावडं उचललं.

माल कालवताना चार डबे लागले. मेहुण्यानं हात धरला. "एकदा चाळणीतून काढू का?"

"तिनं चाळलेलं मी परत चाळू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" काकांनी चारही डबे एकामागून एक मालावर उपडे केले, बुडाला थापट्या मारल्या आणि डोळ्यांत राख गेल्याचं निमित्त करून बाजूला जाऊन उभे राहिले. मेहुण्यानं फावडं चालवलं आणि तिकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी काकांनी बाकावर पाटी लावली : 'बसू नये.' सहाव्या दिवशी कोपऱ्यावरचा शिंपी येऊन बसला.

या शिंप्याचं आणि काकांचं गेली साडेतीन वर्षं बिनसलं होतं. काकांच्या घरी फुलाची नक्षी असलेल्या सहा चमच्यांचा संच होता. प्रयोगशाळेतून निरोप देताना मिळालेला. एक दिवस मोजले तर पाचच भरले. आदल्या दिवशी चहाला कोण आलं होतं? शिंपी. काकूंनी "जाऊ द्या हो, एका चमच्यानं काय होतंय" असं दहादा सांगितलं. पण काका पडले मोजमापाचे माणूस. त्यांनी शिंप्याशी बोलणं टाकलं, शर्ट शिवायला दोन थांबे लांब जायला लागले. शिंप्याला बापड्याला कारणही माहीत नव्हतं.

"पाटी वाचता येत नाही?" काका घरातून ओरडत आले.

"चष्मा दुकानात राहिला," शिंपी म्हणाला. तो उठायला गेला, पण बाक त्याला सोडेना. मेहुण्यानं एक हात धरला, काकांनी नाइलाजानं दुसरा. 'चप्' असा भलामोठा आवाज झाला आणि शिंपी सुटला. मागे बाकावर दोन ऐसपैस खळगे उमटले, शिवणीसकट.

"मापाचं काम आहे," बसची वाट बघणारा एक जण म्हणाला. रांगेतले सगळे खो खो हसले. काका थापी घेऊन खळगे बुजवत बसले. तिच्या नावाच्या बाकावर पहिला बसला तो चमचाचोर, हे त्यांच्या अगदी जिव्हारी लागलं.

पुढे बाकाची कीर्ती पसरली. बसचा कंडक्टर थांबा आला की ओरडायला लागला, "चला, ओला बाक! ओला बाक उतरून घ्या!" रांगेतल्या प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणे पाणी मारणं बंद करा, कुणी म्हणे आणखी मारा, कुणी म्हणे वरून पंखा लावा. काका गोणपाट भिजवून बाकावर पसरायचे आणि कोपऱ्यावर उभे राहायचे. मुलांनी बोटं घालू नयेत म्हणून उभे राहायचे, असं सांगायचे. तसं नव्हतं. घरी जाववत नव्हतं, हे खरं.

आठव्या दिवशी नगरपालिकेचे साहेब आले. त्यांनी बाकाला एक प्रदक्षिणा घातली आणि छत्रीचं टोक सहज मधोमध टेकवलं. मग हात सोडला. छत्री तशीच उभी राहिली.

"याला बाक म्हणायचं की छत्रीचा स्टँड?" साहेब म्हणाले.

"साहेब, राखेचं काँक्रीट सुरुवातीला जरा सावकाश धरतं. पण मागाहून..."

"काका, मी समजू शकतो. पण परवा सकाळी मी येईन तेव्हा हा चिखल इथे दिसता कामा नये." साहेबांनी छत्री उपटली, पुसली आणि गेले. माणूस वाईट नव्हता. जाताना गोणपाट नीट करून गेला.

काकांनी तरीही हार मानली नाही, कारण हार मानायची तर राखेची मानावी लागली असती, आणि राखेवर विश्वास असणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक आता उत्तर द्यायला नव्हतं. त्यांनी घरातल्या वाट्या काढल्या. एकीत नुसतं सिमेंट कालवलं, एकीत सिमेंट आणि तीच वाळू, तीन वाट्यांत उरलेल्या तीन डब्यांतली राख घालून. दुसऱ्या दिवशी पाचही वाट्या दगड झाल्या होत्या. इतक्या की वाट्या टाकून द्याव्या लागल्या.

"सिमेंट चांगलं, वाळू चांगली, राख चांगली," काका वाट्या आपटत म्हणाले. "मग धरलं का नाही?"

मेहुण्यानं डोकं खाजवलं. "साइटवर असं एकदाच पाहिलं होतं. कुणीतरी दुष्टाव्यानं साखर टाकली होती मालात. वाटीभर साखर पुरते, दोन-चार पाट्या माल नासतो. तुमच्या घरातली साखर तर..."

"माझ्या घरात?" काका ताडकन उठले. "अरे, चार वर्षं माझ्या घरात साखरेचा कण आला नाही! हे तू मला सांगतोस?"

मेहुणा एकदम वाट्या गोळा करायला लागला. इतक्या घाईनं की एरवी कुणालाही शंका आली असती. पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांना वेगळंच काही आठवलं होतं.

चार वर्षांपूर्वी काकूंच्या रक्तात साखर निघाली. काकांनी त्याच दिवशी घरातला साखरेचा डबा रिकामा केला, शेजारी वाटून टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारावर रिपोर्टांच्या आकड्यांचा तक्ता लावला. ती खाणार नाही तर मीही खाणार नाही, म्हणून स्वतःही फिका चहा प्यायला लागले. आकडे खाली आले तसे ते तक्त्यासमोर छाती काढून उभे राहायचे. मग तो शेवटचा दिवस. काकू दुपारी राख चाळून कोठीतून बाहेर आल्या, पदराला हात पुसले, टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज माझ्या चहात एक चमचा घाला ना साखर. एकच. शेजारून आणा हवी तर." काका म्हणाले, "उद्या रिपोर्ट येऊ दे. मग बघू." उद्या रिपोर्ट आला. काकू नव्हत्या. पहाटेच हृदय थांबलं होतं. रिपोर्ट चांगला होता.

तो न दिलेला चमचा वर्षभर काकांच्या घशात अडकून होता. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बाक पक्का झाला की त्यावर बसून तिलाच सांगायचं, असं ठरवलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी काका आणि मेहुणा घमेली घेऊन बाक उकरायला आले. साच्याच्या फळ्या काढल्यावर बाक जरासा ओघळला, पण उभा राहिला. मेहुण्यानं खोरं मारलं. दुसऱ्या घावाला 'टिंग' असा आवाज आला.

"खडी असेल," मेहुणा म्हणाला.

"खडी टिंग करत नाही," काका म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी काँक्रीटचे आवाजच ऐकले होते. त्यांनी हात घातला, चाचपलं आणि एक लांबट, राखाडी वस्तू बाहेर काढली. सदऱ्याच्या टोकानं ती पुसली. दांड्यावर फूल होतं.

काका चमच्याकडे बघत राहिले. मग शिंप्याच्या दुकानाकडे पाहिलं. मग पुन्हा चमच्याकडे. "हा मालात कसा आला? डब्यातून? राखेच्या डब्यात चमचा कशाला?" ते थांबले. छत्तीस वर्षं हिशेबानं चाललेलं डोकं होतं, ते आता आपलं आपणच पुढे चालायला लागलं. दुपारचा अर्धा तास. लोटलेलं दार. प्रसन्न चेहरा. वाटीभर साखर. ते सावकाश मेहुण्याकडे वळले. मेहुणा स्वतःच्या चपलांचं बारकाईनं निरीक्षण करत होता.

"कोण आणून देत होतं?"

"भाऊजी..."

"कोण आणून देत होतं रे?"

"ताईनं शपथ घातली होती." मेहुण्याचा आवाज चिरकला. "महिन्याला पाव किलो. हत्यारांच्या पिशवीतून आणायचो, थापीखाली. ती कुठे ठेवते ते मला कधी सांगितलं नाही तिनं, देवाशपथ. राखेच्या डब्यात ठेवत असेल असं स्वप्नात नाही आलं माझ्या. नाहीतर मी ओतू दिली असती का?"

"वरून राखेचा थर देत असणार," काका स्वतःशीच बोलले. "म्हणजे मी झाकण उघडलं तरी... वा!" त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पाव किलो, तीस दिवस. दिवसाला दोन चमचे. शिगोशीग नाही, सपाट."

मेहुणा घमेल्यावर मटकन बसला. एवढा बलदंड माणूस, पण रडायलाच लागला. रांगेतली माणसं दुसरीकडे बघू लागली. "वर्षभर झोप नाही मला. माझ्या साखरेनं तर नाही ना गेली ती? तुम्ही इतकं जपलंत आणि मी भाऊ असून..."

काकांना त्याचा राग यायला हवा होता. तो येण्याची त्यांनी जरा वाटही पाहिली. पण आला नाही. त्यांनी चमचा खिशात ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रिपोर्ट चांगला होता," ते म्हणाले. "शेवटचासुद्धा. मी वाचलाय. तुझ्या साखरेनं नाही गेली ती."

मग मात्र त्यांना राग आला. पण तो निराळाच. ते बाकाकडे वळले आणि भर रस्त्यात ओरडले, "अगं, चार वर्षं मी फिका चहा प्यालो! तुझ्यासाठी! मला तरी सांगायचं होतंस!" आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला आणि हात मनगटापर्यंत आत गेला.

साहेब आले ते नेमके याच वेळी.

"उकरायचा नाही," काका हात उपसत म्हणाले. "साहेब, साखर पडलेलं काँक्रीट मरत नाही. उशिरा धरतं. पण धरलं की असं धरतं की तुमची छत्री मोडेल. मला आणखी एक महिना द्या."

"कागदावर कारण काय लिहू?"

"लिहा, मालात साखर."

"साखर टाकली कुणी?"

"जिनं बसायचं होतं, तिनं."

साहेबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग घमेल्यावर बसलेल्या मेहुण्याकडे. कागदावर 'हवामानामुळे विलंब' असं लिहून ते निघून गेले.

काका तिथून थेट शिंप्याच्या दुकानात गेले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "काय चूक?" शिंपी म्हणाला. काकांनी ती सांगितली. शिंप्यानं सगळं ऐकलं आणि तो एवढंच म्हणाला, "तरीच साडेतीन वर्षांत एक शर्ट नाही! आणि त्या लांबच्या शिंप्यानं खांदे बिघडवलेत तुमचे."

बाकानं सव्विसाव्या दिवशी धरलं. तिसाव्या दिवशी काकांनी हातोडी मारून पाहिली. खणखणीत आवाज आला. शिंप्याचे खळगे बुजवूनही थोडे उरले होते आणि खरं तर बसायला बरे होते. साहेब येऊन छत्रीनं दोनदा ठोकून गेले. काकांनी थर्मासमध्ये चहा आणला, शिंप्याला बोलावलं. मेहुण्यानं हत्यारांच्या पिशवीतून कागदाचं एक पुडकं काढलं. कागद पिवळा पडला होता आणि आतली साखर खडा झाली होती.

"गेल्या वर्षीची आहे," तो म्हणाला. "ती गेली त्या दिवशी द्यायला निघालो होतो. टाकवली नाही."

काकांनी फुलाचा चमचा काढला. शिंप्यानं दोन्ही हात वर केले. "काका, आधीच सांगतो, खिसे तपासून घ्या." काका हसले, त्याच्या कपात दोन चमचे घातले. मेहुण्याच्या कपात दोन घातले. स्वतःच्या कपाशी चमचा नेला आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं, भाऊजी?"

"त्या दिवशी ती कोठीतूनच बाहेर आली होती," काका हळूच म्हणाले. "म्हणजे दोन खाऊन झालेले होते. आणि मला म्हणते, एकच घाला."

"भलतीच होती ताई!" मेहुणा हसला. मग त्याचं हसू ओसरलं. "पण तिच्याजवळ होती की साखर. मग तुमच्याकडे कशाला मागितली?"

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. चढावरून बस येताना दिसत होती.

"माझ्या हातची हवी होती," ते म्हणाले.

त्यांनी कपात एक चमचा घातला. सपाट. ढवळला आणि घोट घेतला. चार वर्षांनी जिभेला साखर लागली ती इतकी गोड लागली की गिळवेना. तरी त्यांनी तो गिळला. बस थांबली, कंडक्टर ओरडला, "ओला बाक! ओला बाक उतरून घ्या!" एक बाई हातात पिशवी घेऊन उतरली आणि खांबाला टेकून दम खाऊ लागली.

"बसा ना," काका म्हणाले, आणि सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.